दोन बोटं वरची रेघ

मडक्यावरची झाकणी खणकन वाजली आणि अभ्यासाला बसलेल्या चेतनाने मान वर केली. गोलू पाणी घेत होता. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार असलेल्या पोराने पाणी भरपूर प्यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढं तो न सांगता करी.

दोघं जुळी, दुसरीत. वरठीच्या त्या घरात इंग्रजी येणारी त्यांची आई रीना एकटीच, तेही बारावीपुरतं. आज घरच्या माणसांची तुलना करणारी वाक्यं लिहायची होती.

"आय ॲम मोर टॉलर दॅन गोलू," चेतना लिहिता लिहिता वाचत होती.

"मोर खोड. टॉलर म्हटलं की आलं त्यात," रीना म्हणाली.

चेतनाने खोडलं. वाक्य अगदी बरोबर झालं, आणि रीनाने चटकन गोलूकडे पाहिलं. गोलू पेला धरून ऐकत होता.

"त्यापरीस ॲज टॉल ॲज लिही ना, बाई. म्हणजे दोघं सारखे."

"खोटं काहून लिहू? टीचरनं सांगतलं, आधी पाहा, मंग लिहा."

"मी का बुटका आहो?" गोलू उसळला. "तूच उंट! चल, मोजू."

दाराच्या चौकटीवर कोळशाच्या रेघा होत्या. दरसाल धान निघालं की आजी, विमलाबाई, दोघांना तिथं उभं करून रेघ मारायच्या. गेल्या साली आजारामुळे गोलूचं डोकं जुन्या रेघेवरून हललंच नव्हतं. तो डोळे मिटून उभा होता. विमलाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि कोळसा दोन बोटं वर टेकवला. "पाहा, वाढला माहा वाघ!" रीनाही तेव्हा हसली होती. पोरगं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रेघ दाखवत होतं.

"राहू दे गोलू, पाय दुखतीन," म्हणत रीना उठेपर्यंत तो टाचा टेकवून, पाठ ताठ करून उभाही राहिला.

चेतनाने त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. पट्टी त्याच्या गेल्या सालच्या रेघेच्या खालीच राहिली. तिने ती उचलली, सरळ केली, पुन्हा टेकवली. मग आईकडे बघितलं.

गोलू वळला. पट्टी आणि रेघेच्या मधल्या मोकळ्या जागेत त्याने बोट ठेवलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हे माहीच रेघ हाये ना? मंग मी कमी होऊन राहिलो का?"