पेसमेकर रणपिसे

गुणवंत रणपिसे दहा हजार मीटरची शर्यत जिंकला. वेळ एकोणतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. हे वाचून झालं असेल तर आता विसरून जावं. पुढे सगळ्यांनी तेच केलं, आणि आपण काही त्यांच्याहून शहाणे नाही.

तर, गुणवंतने ही शर्यत जिंकायचीच नव्हती. जिंकायला तो गेलाच नव्हता. तो होता पेसमेकर. म्हणजे पहिल्या बारा फेऱ्या सगळ्यांच्या पुढे ठरल्या वेगाने पळायचं, मागच्यांना ओढत न्यायचं, आणि तेराव्या फेरीला मुकाट्याने आत सरकून गवतावर बसायचं. उरलेल्या तेरा फेऱ्या ज्यांची नावं पेपरात यायची असतात ते पळतात. केंद्र सरकारच्या एका खात्यात क्लार्क असलेला गुणवंत अकरा वर्षं सुट्टी टाकून हे काम करत होता. मोबदल्यात एक टी-शर्ट आणि पुरी-भाजीचं पाकीट.

त्या फेब्रुवारीत दिल्लीच्या स्टेडियममध्ये घोटाळा झाला तो सोफ्यामुळे. गुणवंत आत सरकणार, तर नेमक्या त्याच जागी प्रमुख पाहुण्यांचा सोफा मांडलेला, पुढे टीपॉय, त्यावर काजू. पाहुण्यांच्या अंगावरून जाणं बरं दिसेना. त्याने विचार केला, एक फेरी मारू, तोवर उठतील. पाहुणे उठले नाहीत. असं करता करता पंचवीस फेऱ्या झाल्या, आणि मागे वळून पाहिलं तर बाकीचे चाळीस मीटर मागे.

तीस मिनिटांच्या आत पळणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश होता. गुणवंत तेहतीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला पेसमेकर म्हणूनही कोणी विचारलं नसतं. त्या दिवशी गाझियाबादच्या शटलमध्ये उभ्याने घरी जाताना तो स्वतःशीच हसला, आणि शेजारच्या माणसाने पाकीट चाचपलं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हिंदी दैनिकात, पहिल्या पानावर बातमी: 'दिल में मशीन, पैरों में तूफ़ान'. हृदयात पेसमेकर बसवलेला सरकारी बाबू दहा हजार मीटर जिंकला. सोबत एका हृदयाचं चित्र, त्यातून वायरी निघालेल्या. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका पेपराने मराठी केलं: 'हृदयात यंत्र, ओठांत मंत्र'. मंत्र कुठून आला हे गुणवंतला कधीच कळलं नाही.

"आई, पेपरात चुकीचं आलंय," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. तुला मीच जन्म दिलाय," कुमुदताई मेथी निवडत म्हणाल्या. "पण खालच्या शर्माआंटी सकाळी येऊन तासभर रडून गेल्या. आता त्यांना काय सांगू, रडणं परत घ्या म्हणून? आणि तुझ्या मावशीचा पुण्याहून फोन होता. बॅटरी कितीला बदलावी लागते, विचारत होती."

गुणवंतने दैनिकात फोन लावला. बातमी श्याम नावाच्या वार्ताहराची होती. तो एरवी क्राइम बघायचा, खेळवाला रजेवर होता.

"भाईसाहब, डिक्शनरी में यही लिखा है," श्याम म्हणाला. "पेसमेकर, यानी दिल की मशीन."

"मैं मशीन नहीं हूँ. मैं ख़ुद पेसमेकर हूँ."

मग श्याम हळूच म्हणाला, "आप आराम कीजिए. खुलासा छाप देंगे."

खुलासा खरंच छापून आला, निविदांच्या शेजारी. श्यामने लिहिलं होतं की रणपिसे पेसमेकर लावून नव्हे तर पेसमेकर म्हणून धावले. उपसंपादकाला ते वाक्य अशुद्ध वाटलं. त्याने शुद्ध केलं: रणपिसे पेसमेकर के साथ नहीं, बिना पेसमेकर के दौड़े.

म्हणजे आता हृदयरोगी माणूस यंत्र घरी ठेवून धावला होता. ऑफिसात त्याला जिना चढायची बंदी झाली. शर्माआंटी पुन्हा येऊन रडल्या.

त्याच आठवड्यात अॅथलेटिक्स संघटनेचं पत्र आलं. सदर यंत्रामुळे धावपटूस वेगाचा गैरलाभ झाला किंवा कसे, याची चौकशी होईपर्यंत निकाल स्थगित. राष्ट्रीय स्पर्धेची यादी येत्या शुक्रवारी बंद होईल.

गुणवंत संघटनेच्या सचिवांकडे गेला. "साहब, मुझे पेसमेकर बनाकर आप ही ने बुलाया था."

"हमें पता है," सचिव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी चहाही मागवला. "लेकिन फ़ाइल में तो अख़बार लगा है."

"तो निकाल दीजिए."

सचिवांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "रणपिसेजी, आप ख़ुद सरकारी आदमी हैं. फ़ाइल में काग़ज़ लगता है. निकलता कभी देखा है?"

गुणवंतने देखा नव्हतं. पेसमेकर नसल्याचा दाखला आणा, म्हणजे तोही लावू, असं ठरलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर चंद्रप्रभा नाईक रत्नागिरीकडच्या. मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं, पण तेवढंच. "आहे असं लिहायला फॉर्म आहे," त्या म्हणाल्या. "नाही असं लिहायला नाही. तुम्हाला काय काय नाही याची यादी करत बसले तर बाकीच्या पेशंटना कधी बघू?" तरी बिचाऱ्यांनी एक्स-रे काढला आणि खाली सही करून, बोलण्याच्या ओघात मराठीतच लिहून दिलं: पेसमेकर आढळला नाही.

सचिवांनी ते दोनदा वाचलं. "आढळला नाही, मतलब मिला नहीं?"

"हाँ."

"तो गया कहाँ?" त्यांनी चष्मा काढला. "देखिए, कमेटी यही पूछेगी. निकलवाया हो तो ऑपरेशन की तारीख़ दे दीजिए. दौड़ से पहले की हो तो आपका केस बिल्कुल साफ़ है."

गुणवंतला क्षणभर वाटलं, देऊन टाकावी एखादी तारीख. मग तो नुसता उठला. शुक्रवारी यादी लागली. त्यात त्याच्या चाळीस मीटर मागून आलेल्याचं नाव होतं.

सोमवारी ऑफिसात सचिवांचा फोन. आवाज मोकळा, जुन्या दोस्तासारखा. "रणपिसेजी, अप्रैल में फिर रेस है. वही दस हज़ार. पेसमेकर चाहिए."

"और मेडिकल?"

"पेसमेकर का मेडिकल नहीं होता, यार."

गुणवंत फोन धरून बसून राहिला. समोरच्या टेबलावरचा माणूस पाणी घेऊन धावत आला, त्याला वाटलं यंत्र बंद पडलं. गुणवंतने पाणी पिऊन टाकलं आणि विचारलं, "सोफ़ा कहाँ रहेगा?"

"इस बार ऊपर, स्टैंड में. पिछली बार चीफ़ गेस्ट ने शिकायत की थी कि एक आदमी बार-बार सामने से निकल रहा था."

घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं.

"मग थांबू नकोस," कुमुदताई म्हणाल्या. "जा पळत सरळ. कोण धरतंय?"

"जमायचं नाही, आई. अकरा वर्षांची सवय आहे. जागा मोकळी दिसली की मी आत सरकतो."

कुमुदताईंनी चष्मा पुसून त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. त्याने अर्ज हिंदीत लिहिला आणि त्यांना मराठीत वाचून दाखवला, तो असा:

'महोदय, अर्जदारास हृदय असून त्यात यंत्र नाही. एक्स-रे सोबत जोडला आहे, पाहून झाल्यावर परत करावा. अर्जदाराने सात फेब्रुवारीची शर्यत जिंकली असे, फाइलमधील वृत्तपत्रास धक्का न लावता, मानण्यात यावे. तसे करणे नियमात बसत नसल्यास, एप्रिलच्या शर्यतीत प्रमुख पाहुण्यांचा सोफा स्टँडमध्ये न ठेवता गेल्या वेळच्याच जागी, धावपट्टीला लागून गवतावर ठेवण्यात यावा, आणि अर्जदार पंचवीस फेऱ्या पूर्ण करेपर्यंत पाहुण्यांनी कृपया उठू नये, ही नम्र विनंती.'