उठलेला अंगठा

"हिला! अंगूठा हिला!" अशी ओरड झाली आणि धूलकोटच्या त्या पत्र्याच्या मांडवातल्या शे-दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

सतरंजीवर माझी भाची प्रतिभा पडली होती. वय एकोणीस. उजवा हात-पाय सकाळीच लुळा पडलेला. लोटू महाराजाने मोरपिसाच्या टोकदार दांड्याने तिच्या उजव्या तळव्यावर टाचेपासून वर रेघ ओढली, आणि त्या मेल्या पायाचा अंगठा सावकाश वर उठला. बाकीची बोटं पसरली.

"देखा? माता अंगूठे में बैठ गई!" महाराज गरजला. "चार मंगळवार आणा. पायातून कमरेत, कमरेतून हातात चढेल. पण सुई टोचली की उतरली समजा. माताला स्पिरिटचा वास चालत नाही!"

महाराजाच्या अंगावरचं अत्तर मात्र तिला चालत असावं.

मी बऱ्हाणपुरात बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. लिंबातून रक्त काढणं, हातावर कापूर जाळणं, सगळं वर्गात करून दाखवलंय. तो पाय मी अगदी जवळून पाहिला. दोरा नव्हता, चुंबक नव्हतं. युक्ती सापडली नाही.

तीन आठवडे प्रतिभाला ताप होता, डोकं फुटायला आलेलं, उलट्या. टायफॉईड म्हणून गोळ्या चालल्या होत्या. परतताना मी बहिणीला म्हटलं, "विमल, हिला आत्ताच मोठ्या दवाखान्यात नेऊ."

"दादा, मले नको अडवू. तू बी पाहिलं ना? मग सांग, अंगठा कसा हालला?"

ती रडत होती. आम्ही प्रतिभाला घरीच नेलं.

पुढच्या मंगळवारी अंगठा पुन्हा उठला. लोकांनी पुन्हा जयजयकार केला. प्रतिभाचं बोलणं तोवर बंद झालं होतं. लकवा झाल्यापासून नवव्या दिवशी ती हाक मारूनही उठेना, तेव्हा तिच्या वडिलांनी, मोतीलालने, कुणाला न विचारता तिला उचललं आणि आम्ही दवाखाना गाठला.

पाठीतलं पाणी तपासलं, मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर प्राजक्ता म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला टीबी झालाय. त्या सुजेत रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त पोचलं नाही, तो भाग मेला. म्हणून लकवा. एकदा नाही, दोनदा झालाय."

"पण पायात माता आहे," विमल म्हणाली. "अंगठा उठतो."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली. प्रतिभाच्या उजव्या तळव्यावर ओढली. अंगठा वर. मग मला चप्पल काढायला लावली आणि माझ्या तळव्यावर तशीच ओढली. माझा अंगठा खाली वळला.

"मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत असली की तो खाली वळतो. तुटली की वर उठतो. तान्ह्या बाळाचाही उठतो, कारण त्याची वाट अजून तयार व्हायची असते. आम्ही रोज हे बघतो, काकू. महाराजाने दाखवला तो आजार होता."

विमलने तो पाय दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

"नऊ दिवस आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"दुसरा झटका कदाचित टळला असता. नक्की नाही सांगता येत."

प्रतिभा वाचली. आता भिंत धरून चालते. उजवा हात मांडीवर पडून असतो. आईला हाक मारायला जाते आणि तोंडातून भलताच शब्द येतो. तो चुकीचा आहे हे तिला कळतं.

मी धूलकोटला गेलो. मांडवाबाहेर लकवा झालेल्या बायकोला गाडीवरून उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला थांबवलं, दगडावर बसून स्वतःच्या तळव्यावर पेनाने रेघ ओढली आणि धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो ते दाखवलं. महाराजाच्या माणसांनी मला ढकललं. म्हातारा माझ्या पायाकडे वाकला.

"मास्तर, पण तिचा अंगठा हालते तो तं खरा ना?"

"खरा आहे, बाबा. म्हणूनच तिला दवाखान्यात न्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि बायकोला आत घेऊन गेला.

तुम्ही तरी थांबा. ताप उतरत नसेल, डोकं ठणकत असेल, हात-तोंड अचानक वाकडं झालं असेल, तर डोळ्यांना काय दिसलं यावर निकाल देऊ नका. ते का झालं हे ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे त्याच घटकेला जा. दिसलं ते सगळं खरं होतं. आम्ही फक्त त्याचा अर्थ विचारला नाही.