ठकुबाईची झारी आणि बिनगड्ड्याचा कोबी

मी ठकुबाईची झारी. त्याआधी मी घासलेटचा डबा होते, आणि हे सांगताना माझी मान खाली जात नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या बोळात एका कारागिराने मला कापले, ठोकले, डाग दिला आणि माझ्या सोंडेला चाळणी बसवली. दुकानात माझ्याशेजारी नव्या पत्र्याच्या चकचकीत बादल्या टांगलेल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून नाक मुरडत. मुरडोत बापड्या! त्यांना पाणी ओतता येते. पाऊस पाडता येतो तो मला.

मित्रांनो, मला विकत घेतले ते पिराजी गवंड्याने. हा निपाणीकडचा माणूस. शहराच्या दक्षिणेला नवी वसाहत होत होती, तिथे बांधकामावर तो बायकोला घेऊन आला होता. नव्या गिलाव्यावर पाणी शिंपडायला त्याला झारी हवी होती. पण पहिल्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, म्हणजे ठकुबाईने, मला कडीला धरून उचलले.

"आता भिंतीचं झालं न्हवं?" ती म्हणाली. "मग हिला माझ्याकडं द्या."

"कशाला?"

"तहान भिंतीलाच लागती व्हय?"

तेव्हापासून मी दिवसा भिंतीची आणि संध्याकाळी भाजीची झाले.

त्या वेळी, म्हणजे अठ्ठावन्न सालाच्या सुमारास, त्या भागात घरे कमी आणि कोपऱ्याकोपऱ्यांवर रोवलेले दगडच जास्त होते. घरासाठी आखलेल्या जागेला तिकडे साइट म्हणतात. साइटी विकल्या गेल्या होत्या. पण मालक यायचे होते, बांधकामे व्हायची होती. ठकुबाईला रिकामी जमीन बघवत नसे. तिने झोपडीसमोरच्या साइटवर वाफे केले. पावसाळ्यात लाल राजगिरा आणि अंबाडी. थंडी पडली की मेथी आणि चाकवत. उन्हाळ्यात ती दगडांच्या ढिगाऱ्यावर मायाळूचा वेल चढवी. त्याची जाड, गार पाने बघून उन्हातून आलेला माणूस घटकाभर थांबे. अंबाडी शिजली, तिच्यावर लसणाची फोडणी बसली, की कामावरचे गडी हातात भाकरी घेऊन झोपडीच्या दाराशी येत. आसपासच्या बायका यायच्या. "अक्का, स्वल्प सोप्पु कोडी," म्हणायच्या. स्वल्प म्हणजे थोडा, सोप्पु म्हणजे पाला आणि कोडी म्हणजे द्या. थोडा मागायच्या आणि ओटी भरून न्यायच्या.

मग एखाद्या दिवशी मालक येई आणि पाया खणला जाई. ठकुबाई खुरपे कमरेला खोचून, मला हातात घेऊन पुढच्या साइटवर जाई. पुन्हा ढेकळे फोडी. गडी हसत. "ठकुबाई, किती येळा इस्कटून घेशील?" ती म्हणे, "त्यांनी खणावं, मी लावावं. बघू कोण दमतंय!"

तिच्याकडे एक भाजी मात्र अशी होती, जी त्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. छावणीतल्या एका बंगल्याचा माळी तिच्याकडून राजगिरा न्यायचा. त्याने तिला एका कोबीची फांदी दिली. हा कोबी गड्डा धरत नसे. त्याला नुसती पाने येत, मोठी, निळसर हिरवी, सुपाएवढी. खालची पाने खुडत जायची, वर शेंडा वाढत जातो. ठकुबाईने फांदी खोचली, ती जगली, तिला बगलफुटी आल्या, त्या तिने पुन्हा खोचल्या. पानांवर मावा, म्हणजे बारीक कीड, पडली की चुलीतली राख फुंकायची आणि वरून मी. लोक चेष्टा करत, "कोबी लावला आन् गड्डाच न्हाई!" ठकुबाई चिडत नसे. ती पाने बारीक चिरून हरभऱ्याच्या डाळीत शिजवी, वर ओले खोबरे पेरी आणि चेष्टा करणाऱ्यालाच वाढी. त्याचे तोंड मग दुसऱ्या कामात गुंतून जाई.

आता खरी गोष्ट सांगते. एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर मोकाट गुरे वाफ्यात शिरली आणि त्यांनी तो सगळा कोबी तुडवून खाल्ला. मोडलेल्या खोडांवर ज्या काही फुटी वाचल्या, त्या ठकुबाईने गोळा केल्या आणि कोपऱ्यावरच्या साइटमध्ये, नैर्ऋत्येच्या टोकाला खोचल्या. काट्याचे कुंपण घातले. एवढाच कोबी जगात तिच्याजवळ उरला होता. फुटींनी अजून मूळ धरले नव्हते. हलवल्या असत्या तर मेल्या असत्या.

आणि नेमक्या त्याच साइटचे मालक आले. अप्पासाहेब त्यांचे नाव. पुण्याकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर. बरोबर त्यांची बायको सुलभाबाई होती. घराचे सगळे काम त्यांनी पिराजीला सांगितले. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली विटा रचणारा पिराजी पहिल्यांदा मुख्य गवंडी होणार होता. त्याला किती आनंद झाला होता! ओळंब्याची दोरी त्याने नवी घेतली.

"सोमवारी मुहूर्त आहे," अप्पासाहेब म्हणाले. "त्याआधी ती झुडपं काढून टाका. दगडाच्या लॉऱ्या येतील. सगळी साइट मोकळी पाहिजे."

"सायेब, त्येवढा कोपरा राहू द्या," ठकुबाई म्हणाली. "थंडी सरंस्तवर. मूळ धरलं की मी आपणहून हालीवते."

"बाई, मी घर बांधायला आलोय, भाजी पिकवायला नाही."

त्या संध्याकाळी झोपडीसमोर पिराजी तिच्यावर ओरडला. "ठके, पाल्यापायी माझं नशीब बुडवतीस व्हय? ह्ये काम गेलं तर मला परत कोण इचारणार हाय?"

"काम करू नका म्हणलं का म्या? कोपरा सोडा म्हणलं."

पिराजीने रागाने लाथ मारली. ती मला बसली. मी गडगडत दगडावर आपटले आणि माझ्या पोटाला पोचा पडला. ठकुबाईने मला उचलले, हौदात बुडवले, आणि त्याच्या देखत जाऊन फुटींना पाणी घातले. मित्रांनो, माझा पत्रा वाकला होता, पण त्या संध्याकाळी माझ्या चाळणीतून एक धार वाकडी पडली नाही.

सोमवारी ईशान्येच्या कोपऱ्यात पूजा झाली. नारळ फुटला. ठकुबाई नैर्ऋत्येला, काट्याच्या कुंपणाशी, मला मांडीवर घेऊन बसली होती. तिला उठवायला कुणी धजेना.

"पिराजी," अप्पासाहेब म्हणाले, "गडी लाव आणि तो कोपरा आधी साफ कर."

पिराजीने बायकोकडे पाहिले. माझ्या पोच्याकडेही पाहिले असावे, असे मला वाटते. मग तो चुन्याची फक्की घेऊन वाकला आणि पायाच्या रेघा आखू लागला. रेघ आखून झाली तेव्हा म्हणाला, "सायेब, घर तुमचं. पण खणती कुठनं धरायची ते गवंडी ठरवतो. मी ईशान्येकडनं धरणार. त्यो कोपरा शेवटी."

"आणि लॉऱ्या?"

"रस्त्यावर उतरवू. दगड मी वाहीन."

"मी दुसरा गवंडी बघू शकतो, समजलं?"

पिराजीने नवी ओळंब्याची दोरी गुंडाळली आणि अप्पासाहेबांच्या पुढे धरली. "बघा."

भटजी आभाळाकडे बघू लागले. शेवटी सुलभाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, मुहूर्त टळतोय." अप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मान वळवली. पिराजीने त्यालाच होकार समजून पहिली कुदळ घातली.

पुढे कितीतरी दिवस तो रस्त्यावरून दगड खांद्यावर वाहत होता. खांदा सोलवटला. ठकुबाई त्याला रात्री हळद-तेल लावी, आणि तो म्हणे, "मूळ धरलं का गं?" ती म्हणे, "धरतंय." खणती नैर्ऋत्येला पोचली तेव्हा फुटींना नवे पान आले होते. ठकुबाईने मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट एकेक फुटवा उचलून गटाराच्या काठाने लावला. एकही दगावला नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळे गोड झाले. नाही झाले. पाया पुरा होताच अप्पासाहेबांनी भिंतींचे काम दुसऱ्याला दिले. पिराजी पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली विटा रचू लागला. मुख्य गवंडी व्हायला त्याला आणखी वर्षे लागली. त्याबद्दल त्याने बायकोला कधी टोचून बोलल्याचे मी ऐकलेले नाही. मला मात्र तो कधी कधी स्वतः हौदावर नेऊन भरी.

घर उभे राहिले. वास्तुशांत झाली. एके दुपारी सुलभाबाई झोपडीच्या दाराशी आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"ठकुबाई, त्या कोबीची पानं विकत द्याल?"

"इकत न्हाई. फांदी देते. लावा."

"लावू कुठे? ह्यांनी पुढे हिरवळ आखलीय."

"मागं मोरी हाय की. तिचं पाणी जातंय कुठं?"

सुलभाबाई क्षणभर घुटमळल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना विचारत नाही."

त्यांनी मोरीमागे फांदी लावली. फांदी घेऊन जाताना त्या मलाही काही दिवसांसाठी मागून घेऊन गेल्या होत्या. अप्पासाहेबांना कळले तेव्हा पाने ताटात आली होती. ते जेवता जेवता काही म्हणाले की नाही, ते मला माहीत नाही. मी मोरीवर होते. पण झाड उपटले गेले नाही.

मग शेजारची बाई आली. मग तिच्या पलीकडची. एकीला अंबाडीचे बी हवे, दुसरीला मायाळूचा वेल. सगळ्या साइटींवर घरे झाली. ठकुबाईला वाफा करायला हातभर जमीन उरली नाही, आणि प्रत्येक घराच्या मागे तिची भाजी उभी राहिली. समोरून त्या भाजीला कुणी येऊ दिले नव्हते. ती मोरीच्या वाटेने आत गेली.

आता सदुसष्ट साल चालू आहे. वसाहतीत रबरी नळ्या आल्या आहेत. माझी चाळणी निम्मी बुजली आहे, बुडाला गंजाने भोक पाडले आहे. परवा ठकुबाई मला घेऊन सुलभाबाईंकडे गेली होती, तेव्हा त्यांच्या दारी कुणी पाहुणे आले होते. ते म्हणाले, "ही झारी रंगवून दिवाणखान्यात ठेवा, छान दिसेल." ठकुबाई मागे मेथी खुडत होती. तिने ऐकले, उठली, मला उचलले आणि पिराजीच्या हाती डाग द्यायला पाठवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी गंजत पडले असेल. त्याला रंग फासू नका, फुले खोचू नका. भोक बुजवा आणि कामाला लावा. रिकामी जमीन कुठे आहे, असे विचारू नका. मोरीमागे बघा, पायरीखाली बघा, फुटक्या कुंडीत बघा. आणि कुणी म्हणाले, इथे लावायचे नाही, तर लावा. पाण्याचे मी बघते.