परवाचं क्रियापद

गुरुवारी दुपारी मी बाबांचा चष्मा घेऊन छापखान्यात गेले. काचा बदलायला त्यांनी तो माझ्याकडे दिला होता आणि तीन दिवस जुन्या चष्म्यावर दिवस ढकलत होते. छापखान्याच्या पोटमाळ्यावर त्यांची खोली होती. एक टेबल, एक खिडकी आणि भिंतीला टेकवलेले कागदांचे गठ्ठे. चाळीस वर्षं ते तिथे बसून प्रुफं तपासत होते. "आपलं घर लोकांच्या चुकांवर चाललं," असं म्हणायचे. "लोक शुद्ध लिहायला लागले असते तर उपाशी मेलो असतो."

नवा चष्मा त्यांनी नाकावर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"अगंबाई! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"जुन्या चष्म्यातून तरुण दिसत होते वाटतं?"

"जुन्यातून दिसतच नव्हतीस."

टेबलावर एका प्राध्यापकांच्या पुस्तकाची प्रुफं होती. काळ म्हणजे काय, तो एकाच दिशेनं का जातो, एक कण एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असू शकतो, असं सगळं. बाबांना विज्ञानातलं फार कळत नसे, पण वाक्यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"हे बघ," ते म्हणाले. "प्राध्यापक म्हणतात, कण इथेही असतो आणि तिथेही असतो. आपण बघायला गेलो की मुकाट्यानं एक जागा धरतो. हे सांगायला त्यांनी तीन पानं खर्च केलीत. एका शब्दात झालं असतं."

"कोणत्या?"

"परवा."

त्यांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली.

"परवा म्हणजे कधी? होऊन गेलेला की यायचा?"

"ते वाक्यावर आहे."

"वाक्यावर नाही बाईसाहेब, क्रियापदावर. आणि आपलं क्रियापद बसतं शेवटच्या बाकावर. तोवर माणूस एक पाय मागच्या दिवसात आणि एक पुढच्या दिवसात ठेवून उभा. क्रियापद आलं की खेळ खलास."

"मग लिहा की समासात."

"लिहिलंय!" त्यांनी पान माझ्यासमोर सरकवलं. समासात पेन्सिलीनं, बारीक आणि सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'याला आमच्याकडे परवा म्हणतात.'

हसताना ते डावा दंड चोळत होते. आल्यापासून तिसऱ्यांदा.

"दंड दुखतोय?"

"दंड नाही, वय दुखतंय."

"बाबा, दाखवलंत का कोणाला?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हां, तेच सांगायचं होतं. परवा डॉक्टरांकडे..."

तेवढ्यात खाली यंत्र सुरू झालं. ते चालू झालं की पोटमाळ्याची फळी न् फळी थरथरते आणि समोरच्याच्या तोंडाशी कान नेल्याशिवाय काही ऐकू येत नाही. बाबांचे ओठ हलत होते. मी घड्याळ पाहिलं. बस पाच मिनिटांवर होती आणि चार वाजता आमच्या ग्रंथालयात बैठक होती. बाबांचं बोलून झालं, त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान डोलावली.

गेलो होतो, असंच म्हणाले असणार, मी ठरवून टाकलं. माझ्या सोयीचं क्रियापद मीच बसवलं.

निघताना आमच्यात एक जुना खेळ चालायचा. मी मुद्दाम "जाते" म्हणायचे आणि ते म्हणायचे, "खोडा ते. येते." त्या दिवशी यंत्राच्या आवाजात कोण काय बोलणार! मी दारातून नुसता हात हलवला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास, त्याच टेबलापाशी, हातात पेन्सिल असताना बाबा गेले. हृदय बंद पडलं. "दोनदा हाक मारली," छापखान्याचे मालक मला सांगत होते, "वाटलं, चूक सापडलीय म्हणून उत्तर देत नाहीत."

पुढचे काही दिवस माणसं आली, गेली, कागदपत्रं झाली. मग घर शांत झालं आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला. गुरुवारचा परवा. मागे मोजला तर मंगळवार, पुढे मोजला तर शनिवार. मंगळवार असेल तर ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते, काहीतरी कळलं होतं आणि ते मी ऐकून घेतलं नाही. शनिवार असेल तर अजून गेलेच नव्हते, आणि मी बस सोडून त्याच संध्याकाळी त्यांना हाताला धरून नेऊ शकले असते.

दवाखान्याचा नंबर बाबांच्या पाकिटात सापडला. मी तो एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि तीन आठवडे फोन केला नाही.

दादा दूर राहतो. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच विचारायचा.

"केलास फोन?"

"करीन."

"अगं, पण कधी?"

"परवा," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मला हसू फुटलं. मग ते हसू राहिलं नाही.

"हे बघ," दादा म्हणाला, "मंगळवार निघो नाहीतर शनिवार, बाबा परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग कशाला भितेस?"

त्याला कसं सांगणार? फोन करत नव्हते तोवर मी दोन्हींपैकी कोणतीच मुलगी नव्हते.

चौथ्या आठवड्यात मालकांचा निरोप आला. प्राध्यापकांचं पुस्तक अडलंय, शेवटची वीस पानं तपासायची राहिलीत. "बाहेरच्या माणसाला द्यायला जीव होत नाही. तुम्ही बघाल का?"

मी सकाळी दहाला गेले. टेबल कुणी हलवलं नव्हतं. बाबा जिथे थांबले होते ते पान वरच होतं. त्यांनी एक शब्द खोडला होता आणि मग विचार बदलून त्याच्याखाली ठिपके दिले होते. प्रुफाच्या भाषेत त्याचा अर्थ 'राहू द्या'. ठिपके तीन असतात. त्यांचे दोनच होते.

मी तिसरा दिला नाही. पुढचं पान घेतलं. चार ओळी वाचल्या, पाचवीला पुन्हा पहिलीपाशी आले. खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, वर फोन ठेवला. खाली मालक यंत्राला शाई लावत होते. थोड्या वेळानं ते सुरू होणार आणि मग फोनवर बोलता येणार नाही, ही सबब माझ्या मनात आली आणि तिचीच मला लाज वाटली.

मी नंबर लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. उचलू नये, असं वाटलं. उचलला.

"दवाखाना. बोला."

मी बाबांचं नाव सांगितलं. पलीकडची बाई वयस्क असावी, आवाज सावकाश होता.

"ते प्रुफंवाले काका ना? आमच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दाखवून गेले." ती हसली. "आता कशी आहे तब्येत?"

मी सांगितलं. पलीकडे वहीची पानं हलण्याचा आवाज थांबला.

"अरेरे. मला काहीच कळलं नाही हो."

"ते तुमच्याकडे कधी आले होते?" मी विचारलं. "मंगळवारी आले होते, की शनिवारी येणार होते? एवढंच हवंय मला."

"थांबा हं." पानं उलटली. "दोन्ही."

"म्हणजे?"

"मंगळवारी येऊन गेले. ईसीजी काढला तेव्हाच डॉक्टर म्हणाले, मोठ्या रुग्णालयात लगेच जा. काका म्हणाले, एकटा नाही जाणार, मुलीशी बोलतो. मग शनिवारी साडेदहाची वेळ दिली, घरच्या माणसाला घेऊन या म्हणून. डॉक्टर रागावले होते त्यांच्यावर."

परवा, आणि परवा. त्या दिवशी यंत्रानं गिळलेलं क्रियापद 'गेलो' नव्हतं आणि 'जाणार'ही नव्हतं. म्हणून भुवया उंचावल्या होत्या. ते प्रश्नचिन्ह होतं.

"गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोनही आला होता," ती बाई म्हणाली. "लिहून ठेवलंय मी. 'मुलगी येतेय.' खुशीत होते. म्हणाले, मी विचारलं आणि तिनं लगेच हो म्हटलं."

मी टेबलावरच्या चष्म्याची घडी घातली.

"ऐकताय ना?"

"हो. ठेवते."

फोन बंद केला. खाली मालकांनी हाक दिली, "ताई, करू का सुरू?"

"थांबा!" मी ओरडले. "एक मिनिट थांबा."

छापखाना गप्प झाला. टेबलावर पान होतं, दोन ठिपके होते, काचा बदललेला चष्मा घडी घालून ठेवलेला होता.

"येते," मी मोठ्यानं म्हणाले. "बाबा, शनिवारी तुमच्याबरोबर मी येते."