सिस्टरच्या प्रमाणपत्राची नक्कल

मित्रांनो, मी एक जुनी नक्कल आहे. अस्सल असते तर एव्हाना कपाटात, इस्त्रीच्या चादरींखाली, प्लास्टिकच्या पिशवीत आरामात पडले असते. तो मान माझ्या मूळ कागदाचा. तो कागद म्हणजे एका परिचारिकेचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि मी त्याची संगणकात साठवलेली प्रत. सरकारदरबारी आमच्या जातीला सत्यप्रत म्हणतात, म्हणजे खरी नक्कल. हसू नका, हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. आणखी एक सांगून ठेवते. आम्ही प्रती जितक्या ठिकाणी असतो, तितक्या ठिकाणचं सगळं आम्हाला कळत असतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

माझा जन्म मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, दीड दरवाजाची जागा. त्यात एक स्कॅनर, एक प्रिंटर, एक संगणक आणि या तिघांच्या मधोमध भाऊ. सगळे त्यांना भाऊच म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. सिस्टर त्या दिवशी सकाळची पाळी संपवून आल्या होत्या. कुणाच्या तरी औषधाची वेळ त्यांच्या तळहातावर पेनाने लिहिलेली तशीच होती. नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं, त्यासाठी प्रत हवी होती.

"भाऊ, जपून हं. सव्वीस वर्षांचं आहे ते," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, ही काच आहे, कात्री नाही," भाऊ म्हणाले.

कागदाचा एक कोपरा वळला होता आणि काही केल्या काचेवर बसेना. भाऊंनी तो बोटाने दाबून धरला. खालून दिवा सरकत गेला आणि मी झाले. माझ्या एका कोपऱ्यात त्या बोटाचं टोकही आलं, नखाला मधोमध चीर असलेलं. भाऊंच्या ते लक्षात आलं नाही, आणि सिस्टरना बस गाठायची होती.

काम झाल्यावर मला पुसून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भाऊंचा स्वभाव आड आला. गिऱ्हाइकाला पुन्हा हेलपाटा नको, मूळ कागद पुन्हा बाहेर काढायला नको, म्हणून ते प्रत्येकाची प्रत जपून ठेवत. ज्याच्या त्याच्या नावाचा कप्पा, ज्याची त्याची ओळखपत्रं, दाखले, फोटो. एकदा एका माणसाचं घर जळालं. कागदाचा एक कपटाही उरला नव्हता. भाऊंनी पंधरा मिनिटांत त्याच्या सगळ्या कागदांच्या प्रती त्याच्या हातात ठेवल्या, तेव्हा त्या माणसाला बोलता येईना. त्या दिवसापासून भाऊंचं नाव झालं. "तुम्ही आहात म्हणून आमचं चालतं," असं लोक म्हणत, आणि भाऊ संगणकाच्या पाठीवर थाप मारत. आत आम्ही सातशे घरांच्या प्रती दाटीवाटीने राहत होतो. आम्हाला किती दिवस ठेवणार, हे भाऊंना कुणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, संगणकाला कुलूप नव्हतं का? होतं की. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेलाच चिकटवला होता, कारण भाऊ जेवायला गेले की दुकान वहिनी सांभाळत आणि त्यांना तो आठवत नसे. संगणकाची राखण करणाऱ्या प्रोग्रॅमची मुदत केव्हाच संपली होती. तो रोज सकाळी लाल चौकट दाखवून तसं सांगे आणि भाऊ रोज सकाळी ती चौकट बंद करत.

तरी भाऊंना मूर्ख ठरवू नका. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नये, हे तुम्हाला शाळेत सांगतात. भाऊंचा धंदाच अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्याचा होता. दिवसभरात शंभर जण मेल पाठवत आणि दारात उभे राहून म्हणत, पाठवलंय बघा. एका सकाळी, गर्दीच्या वेळी, 'तातडीने प्रिंट हवी' अशी एक मेल आली. भाऊंनी तिच्यासोबतची फाइल उघडली. पडद्यावर काहीच आलं नाही. "बिघडलेली दिसते," असं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. प्रिंट मागायला कुणी आलंच नाही, कारण त्या फाइलीत चोरी करणारा प्रोग्रॅम लपलेला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्हा सातशे घरांच्या प्रतींची आणखी एकेक प्रत निघाली होती आणि ती दुकानातून बाहेर पडली होती. कडी वाजली नाही की काच फुटली नाही. आम्ही होतो तिथेच होतो, म्हणून चोरी झाली हे कुणाला कळलंही नाही.

तिथून मी डार्क वेबवर गेले. नावावरून तुम्हाला भुयार, जळमटं असं काही वाटेल. मलाही वाटलं होतं. तिथे अंधार वगैरे काही नाही. तो इंटरनेटचाच एक भाग आहे, फक्त नेहमीच्या शोधात तो सापडत नाही आणि तिथे जाणाऱ्याला आपलं नाव-गाव झाकून ठेवता येतं. खरं सांगायचं तर तिथले सगळेच चोर नसतात. उघड बोलले तर जिवाला धोका, अशी माणसंही तिथे आडोसा शोधतात. पण जिथे चेहरा दाखवावा लागत नाही, तिथे चोरीचा माल विकणाऱ्याचं फावतं. मी गेले त्या बाजारात साध्या दुकानासारख्याच मांडण्या होत्या. विकणाऱ्यांना गिऱ्हाइकांनी चांदण्या दिलेल्या. 'माल खात्रीचा, पुन्हा घेऊ', असे अभिप्राय. माझ्याखाली लिहिलं होतं: परिचारिका, नोंदणी चालू, अजून न वापरलेलं. चपलांच्या जोडापेक्षाही स्वस्तात मी गेले. सव्वीस वर्षं रुग्णांची उष्टी-खरकटी, ओकारी, रक्त काढलेल्या बाईचं नाव होतं माझ्यावर. मला फार वाईट वाटलं.

ज्याने मला घेतलं तो एक दलाल होता, आणि त्याने मला ज्या बाईला विकलं तिला डार्क वेब हा शब्दही ठाऊक नव्हता. तिने परिचारिकेचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं होतं. दलालाने तिला मी छापून, चौकटीत घालून दिली. दूरच्या एका गावातल्या छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर मी लटकू लागले आणि ती बाई सिस्टरचं नाव सांगू लागली. तिथल्या डॉक्टरांनी क्रमांक तपासला होता, तो बरोबर निघाला. फोटो सव्वीस वर्षांपूर्वीचा, पुसट. त्यातली मुलगी कुणीही असू शकली असती. बाई कामाला वाघ होती, हे कबूल करायला हवं. पण एका दुपारी मात्रा वाचण्यात तिची चूक झाली आणि एका म्हाताऱ्याला दहापट औषध टोचलं गेलं. तो वाचला. महिनाभर खाटेला खिळून वाचला. बाई त्याच संध्याकाळी गाव सोडून गेली आणि मागे राहिलं भिंतीवरचं नाव.

चौकशीची नोटीस सिस्टरच्या घरी आली. 'तुमच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाबद्दल नोंदणी रद्द का करू नये?' सिस्टरनी ती तीनदा वाचली. त्या गावाचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पाठोपाठ पोलिसांच्या सायबर शाखेतल्या बाई आल्या आणि त्यांनी दवाखान्यातून आणलेली मी टेबलावर ठेवली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बोटावर गेली. त्या चिरलेल्या नखाला त्यांनी स्वतः तीनदा मलमपट्टी केली होती. पोलिसबाईंकडून त्यांनी मला तासाभरासाठी मागून घेतलं. मला घेऊन त्या तडक दुकानात गेल्या.

"भाऊ, हे कुणाचं बोट आहे?"

भाऊंनी चष्मा वर सरकवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. सिस्टरना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, की भाऊंना कानांवर हात ठेवता आले असते. एका बोटावरून कोण काय सिद्ध करणार?

"माझं आहे," भाऊ म्हणाले. "सिस्टर, कुठे मिळालं हे?"

सिस्टरनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भाऊ खाली बसले. "मी तुमच्या सोयीसाठी ठेवलं होतं हो," एवढंच ते दोनदा म्हणाले.

"मला कळतं. पण माझी नोकरी जायची वेळ आली आहे, भाऊ."

त्याच दिवशी भाऊंनी संगणक उचलून पोलिसांत नेऊन दिला. मग वही घेऊन बसले आणि सातशे घरांना एकेक करून फोन केले. तुमचे कागद माझ्याकडून गेले आहेत, सावध राहा. काहींनी आभार मानले. बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या. दुकानात येणं निम्म्यांनी सोडलं. ज्याला कागद मिळाल्यावर बोलता येत नव्हतं, त्याने भाऊंना सर्वांत जास्त सुनावलं.

परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या कार्यालयात सिस्टरची सुनावणी झाली. रुग्णालयाचं हजेरीपुस्तक, पोलिसांचा अहवाल आणि भाऊंचा जबाब, सगळं वाचून अधिकारीबाई म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाही. प्रकरण मिटलं. जा तुम्ही."

सिस्टर उठल्या नाहीत. "आणि ती प्रत? ती परत कशी मिळणार?"

"ती नाही मिळायची. किती जणांनी उतरवून घेतली असेल, कोण सांगणार? तिथून काही पुसता येत नाही."

"म्हणजे उद्या आणखी कुणी माझ्या नावाने सुई टोचणार."

अधिकारीबाईंनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "एक उपाय आहे. हा क्रमांकच कायमचा रद्द करायचा. तुम्हाला नवा मिळेल. पण मग मूळ प्रमाणपत्रावरही शिक्का पडेल. विचार करून सांगा."

सिस्टरनी पिशवीतून मूळ कागद काढला. तो क्रमांक त्यांनी सव्वीस वर्षं प्रत्येक नोंदवहीत सहीखाली लिहिला होता. तो मिळाला तेव्हा त्यांच्या आईने, वाचता येत नसतानाही, कागद कितीतरी वेळ हातात धरला होता. सिस्टरनी वळलेला कोपरा सरळ केला, पण तो पुन्हा वळला.

"त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं, तेही मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मारा शिक्का."

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कागद असतील. प्रत द्यावीच लागते, ती द्या. पण कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, ते तिच्यावर आडवं लिहा. दुकानात काढलीत तर काम झाल्यावर तुमच्या डोळ्यांदेखत पुसायला सांगा, दुकानदार कितीही भला असला तरी. लाल चौकट दिसली की ती नुसती बंद करू नका. आणि आमच्यावर माया करू नका. नक्कल जपायची नसते, ती संपवायची असते. हे मी स्वतःबद्दल सांगते आहे.

आता माझ्यावरचा क्रमांक कुणीही, कुठेही तपासला तर 'रद्द' असं उत्तर येतं. मला घेऊन कुणालाही आता सुई धरता येणार नाही, आणि याचा मला आनंद आहे. संगणक पोलिसांकडून परत आल्यावर भाऊंनी आपल्याकडची मी पुसली. रुग्णालयाच्या, परिषदेच्या आणि पोलिसांच्या फाइलींमधल्या माझ्यावर शिक्का बसला. मूळ कागदावर तर तो अगदी मधोमध बसला आहे, मुलीच्या फोटोवरून, नावावरून, लाल शाईत. सिस्टरच्या आईने हातात धरलेलं ते स्वच्छ प्रमाणपत्र आता जगात एकाच ठिकाणी जसंच्या तसं उरलं आहे. ते माझ्यात आहे, आणि मी चोरांच्या बाजारात आहे.