माझ्या पोटातला टवका

मित्रांनो, मी एक जुना रिअॅक्टर आहे. खालापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यातला माणसाहून उंच बंद हंडा. बाहेरून मी लोखंडी, पण आत निळ्या काचेचं अस्तर आहे. माझ्या पोटात तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतं आणि ते लोखंड खातं.

त्या आम्लात ऑक्झाइम नावाचा पदार्थ थोडा थोडा सोडतात. आम्लाच्या रेट्यानं त्याच्या रेणूतला एक गट कार्बनला सोडून शेजारच्या नायट्रोजनला जाऊन चिकटतो. एकही अणू वाढत नाही की घटत नाही. नुसत्या जागा बदलतात आणि निराळाच पदार्थ तयार होतो. तेव्हा मी इतका तापतो, की माझ्या दुहेरी भिंतीतून सतत गार पाणी खेळवावं लागतं.

अकरा वर्षं मला जैतूनं सांभाळलं. तो कोंडाण्याजवळच्या ठाकूरवाडीतला. एकदा मला धुताना तळाशी घट्ट झालेल्या मालाचा गोळा अडकला. तो सोडवताना लाकडी दांडा मोडला, म्हणून त्यानं लोखंडी पहार घातली. काचेचा टवका उडाला. जैतूनं इकडेतिकडे पाहिलं आणि पहार ठेवून दिली.

दोन दिवस आम्ल मला आतून कुरतडत होतं. भिंतीला भोक पडून ते पाण्याला भिडलं, तर उकळून बाहेर उसळणार आणि समोरची माणसं भाजणार, हे मला कळत होतं. सांगणार कसं?

तिसऱ्या दिवशी केमिस्ट पौर्णिमानं माझ्यातल्या मालाचा नमुना उजेडात धरला.

“जैतूदादा, रंग तांबूस का आलाय?”

“नवा माल असंल, ताई.”

“चालू करा,” सुपरवायझर सुनील म्हणाला. “दुपारी गाडी भरायचीय.”

जैतूचा हात व्हॉल्व्हवर होता. तो फिरेना.

“ताई, नका चालू करू. परवा माज्या हातून पहार लागली. काच उडलीय.”

“परवाच का नाही सांगितलंत?”

“कामावरनं काढतील म्हणून. घरात कमावणारा मी एकटाच हाय.”

मला रिकामं करून आत दिवा सोडला. नखाएवढा टवका होता; खालचं लोखंड निम्म्याहून अधिक खाल्लेलं. सुनीलनं दुपारची गाडी रद्द केली.

जैतूला महिनाभर गोदामात धाडलं. दुरुस्तीला आलेल्या नव्या माणसाचा हात मला सोसेना. पौर्णिमानं मात्र अहवालात हेही लिहिलं, की जैतूनं नवे दांडे दोनदा मागितले होते आणि ते कुणी दिले नव्हते. दांडे आले, माझी भिंत आणि काच दुरुस्त झाली आणि एका सकाळी जैतू परतला. माझ्या अंगावर तळहात टेकून तो नुसता उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या हातूनही कधी काही फुटेल. ते लगेच सांगा. आणि कुणी तसं सांगायला आलं, तर आधी त्याचं ऐकून घ्या.