वीतभर मासे

आमच्या कारखान्याच्या फाटकाशी काचेची टाकी होती. तिच्यात सहा बोईट मासे फिरत असायचे आणि वर पाटी होती: "हे आमचंच सांडपाणी. चार वर्षांपासून हे मासे यात सुखाने जगत आहेत." सुखाने! तो शब्द वाचला की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. कारण ते मासे मीच बदलत होते. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सहाला, कामगार यायच्या आत. मेलेले काढायचे, मागच्या खड्ड्यात पुरायचे, शेततळ्यावरून आलेले नवे सोडायचे. माझं पद प्रयोगशाळा सहायक.

मासे अगदी वीतभरच हवेत, ही मॅनेजरची ताकीद. माहितीपत्रकातल्या फोटोत तेवढेच होते ना! या मॅनेजरला आम्ही अत्तर म्हणायचो. कारखान्याचा वास लपवायला तो इतका सेंट मारायचा, की तो आत येण्याआधी त्याची वर्दी यायची.

माझे बाबा कारखान्यामागच्या खाडीत चाळीस वर्षं मासेमारी करतायत. आमचा सांडपाण्याचा पाइप तिथेच उघडतो. मी आत बसून कागद टाइप करते, अशी त्यांची समजूत होती. संध्याकाळी ते जाळं धुवायला बसले, की मी चहा देताना विचारायचे, "आज काय मिळालं?"

"चिखल. आणि तुझ्या कंपनीची मेहेरबानी."

"माझी कंपनी कसली? मी काय मालकीण आहे?"

"मग सोड की!"

"सोडते. घर कोण चालवणार, तुमचा चिखल?"

रोज हेच. असं बोलून मी आत जायचे आणि भांडी आपटायचे.

मग कंपनीने दुसरा, दुप्पट मोठा पाइप मागितला. परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला सरकारी अधिकारी बाई आल्या. कॅन्टीनमध्ये सुनावणी भरली, खाडीवरचे कोळीही आले. हा पाइप पडला की खाडी संपली, हे अत्तरलासुद्धा कळत होतं. त्याने चार कामगारांकरवी टाकी उचलून सरळ टेबलावर आणून ठेवली.

"मॅडम, कागद खोटं बोलतील, मासे नाही बोलणार. चार वर्षं हेच सहा मासे आहेत."

बाबा मागच्या बाकावरून उठले. टाकीपाशी आले, वाकले आणि काचेवर वीत टेकवून एकेक मासा मोजला.

"हेच सहा?"

"हेच, काका."

"मग हे वाढले का नाहीत? बोईट वर्षभरात दुप्पट होतो. चार वर्षांत याने तुमची टाकी फोडायला हवी होती. तुमच्या पाण्यात मासा म्हातारा होतो, पण मोठा होत नाही?"

सगळे हसले. अत्तरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मूर्ख माणूस! चार वर्षं मापाचा आग्रह धरला आणि मासा वाढतो, हेच विसरला. मीही विसरले होते. कोळ्याची मुलगी असून.

"टाकी लहान म्हणून वाढ खुंटते, मॅडम," तो म्हणाला. "देखभाल ह्या करतात, त्यांनाच विचारा. खुंटते ना हो?"

बोट माझ्याकडे होतं. बाबांनी वळून पाहिलं. नुसती मान हलवायची होती. नोकरी टिकली असती, आणि बाबा सगळ्यांसमोर खोटे पडले असते.

"खुंटत नाही," मी म्हणाले. "मरतात. तीन दिवसांत. आठवड्यातून दोनदा मी बदलते, मागे खड्डा आहे, उकरून बघा."

अत्तर ओरडला, "काय बोलताय, कळतंय का तुम्हाला?"

"तुम्ही गप्प बसा," अधिकारी बाई त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आत्तापर्यंत किती बदललेत?"

"अडीच हजारांच्या आसपास."

त्यांनी लिहून घेतलं. कॅन्टीनमध्ये एकच गलका झाला, कुणीतरी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बाबा आता पाठीवर हात ठेवतील. ते जवळ आले. मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

"अडीच हजार पुरलेस. आणि रोज घरी येऊन मला विचारायचीस, आज काय मिळालं?"